अकरा तास

बॅलार्ड इस्टेटला तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
मालक हॅम्बुर्गचा, झेंडा लायबेरियाचा,
कप्तान युक्रेनचा, पोटात ब्राझीलची साखर,
आणि माणसं पुरवणारी मी,
पेडणेकर, क्रू विभाग, एकोणीस वर्षं.

कोण चढला, कोण उतरला, कुणाची मेडिकल संपली,
कुणाच्या जागी कोण.
स्क्रीनवर प्रत्येकाची एक पट्टी असते.
आधी हिरवी, मग पिवळी, नऊ महिने उलटले की लाल.
लाल झाली म्हणून कोणी घरी येत नाही.
लाल होते, एवढंच.

दर सोमवारी दाभोळहून फोन यायचा,
बोसन अय्यूब परकारची बायको, रुकय्या.
बाकीच्या विचारतात, कधी येणार?
मी म्हणते, पुढच्या बंदरात.
ते बंदर आलं की म्हणते, पुढच्या.
हिनं तो प्रश्न सहाव्या महिन्यातच सोडून दिला.
ही विचारायची,
"बाई, तिकडं आता किती वाजले?"

भिंतीवर घड्याळं तीन. हॅम्बुर्ग, सिंगापूर, मुंबई.
भर समुद्राचं घड्याळ कुठल्या दुकानात मिळतं?
मी बोटांवर मोजून सांगायची,
"पहाटेचे तीन असतील."
"म्हणजे निजला असेल," ती म्हणायची
आणि हळूच फोन ठेवायची,
जणू आवाजानं तो उठेल.

दहाव्या महिन्यात अय्यूबचीच मेल आली.
वर लिहिलेलं, तक्रार नाही. खाली तक्रार.

"मॅडम, मी सिंगापूरला चढलो.
जहाज पश्चिमेला निघालं की
मधूनमधून एक तास मागे घेतात.
दिवस पंचवीस तासांचा होतो, गंज तेवढाच असतो.
जाऊन येऊन, वजा करून,
सान्तोसपर्यंत असे अकरा तास माझ्या अंगावर जमा.
अडीच तुमच्या विमानानं जातानाच कापले होते,
साडेआठ येताना कापेल.
म्हणजे मिळाले ते डेकवर,
गेले ते माझ्या झोपेतले.
पैसे नकोत.
याची नोंद कुठे होते, तेवढं कळवा."

मी कॅलेंडरच्या पाठीवर बेरीज केली.
पुन्हा केली.
माणूस सातवी पास, आणि बरोबर.

हॅम्बुर्गला विचारलं.
आन्नेग्रेट लोमान बाईंनी त्याच दिवशी उत्तर दिलं,
जगभरच्या माणसांचं खातं त्यांच्याकडे असतं.
पगार महिन्याचा आहे, तासांचा नाही,
पण निरीक्षण मोठं गोड आहे.
शेवटी एक हसरा चेहरा.
सोबत नवा फॉर्म, तुम्ही जहाजावर किती आनंदी आहात,
एक ते पाचमध्ये.

मी ते अय्यूबला पुढे धाडलं.
हसरा चेहरा तेवढा खोडला.
एकोणीस वर्षांत माझ्या अधिकारात आलेला
हा एक निर्णय.

अकराव्या महिन्याच्या शेवटी तो आला.
सामान विमानतळावरून थेट इथं,
साइन-ऑफचे कागद, नळी, पासपोर्ट.
मी शिक्के मारायला आत गेले, बाहेर आले
तर घड्याळांखालच्या बाकावर बसल्या बसल्या झोपलेला,
बॅगेचा पट्टा मनगटाला दोन वेढे घालून,
सुटू नये अशा गाठीनं.

शिपाई घाडीगावकर उठवायला निघाला.
राहू दे, म्हटलं.
दाभोळची गाडी रात्रीची आहे.
पंखा एकवर केला. झेरॉक्स दुपारवर टाकलं.
एक तास दहा मिनिटं.
नोंद कुठे करायची, मलाही ठाऊक नाही.

फोन वाजला. वार सोमवार नव्हता.
"बाई, विमान उतरलं का?"
"इथंच आहे. निजलाय."
ती थांबली. मग सवयीनं तेच,
"तिकडं किती वाजले?"

मी वर बघितलं. मग म्हणाले,
तुमच्याकडे वाजलेत तेवढेच.